पिवळी प्रत

आप्पांकडे उतरायला आलेल्या माणसाने बॅगा खाली ओट्यावर ठेवायच्या, रिकाम्या हाताने वर जाऊन खोली बघायची, खाली यायचं आणि एक कागद मोठ्याने वाचून दाखवायचा. मनातल्या मनात वाचलेलं चालत नसे. "बादल्या दोन, पाण्याचा मग एक, उशा चार, टॉवेल दोन, पंखा चालू, गीझर चालू." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ म्हणायची आणि ती स्वतःच्या हाताने लिहायची. खाली सही. पुस्तकात कार्बन घातलेला असे. पांढरी प्रत आप्पांची, पिवळी पाहुण्याची. एवढं झालं की बॅगा वर जायच्या.

निघताना पुन्हा तीच फेरी आणि तेच वाचन. फक्त तेव्हा दोन ओळी जास्त असत. एक, ‘गरम पाणी मिळालं का’. दुसरी, ‘जाताना सोबत नेलेलं सामान’. लोक विचारत, आमच्या बॅगा लिहू का? आप्पा सांगत, बॅगा तुम्हीच आणल्या होत्या, त्या धरायच्या नाहीत. इथलं काय नेलं ते लिहा. बहुतेक जण हसून ‘काही नाही’ लिहीत. जळगावच्या एका बाईंनी ‘कढीपत्त्याचं रोप, एक’ असं लिहिलं होतं. ते आप्पांनीच त्यांना दिलं होतं, तरी लिहायला लावलं.

आप्पा शहाद्याला आमच्या समोरच्या घरात राहायचे. एकतीस वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. उसाची गाडी काट्यावर चढली की आकडा पडतो, तो क्लार्क लिहितो, असं मला वाटत होतं. आप्पांच्या काट्यावर तसं नव्हतं. ते ड्रायव्हरला खाली उतरवत, खिडकीशी बोलवत आणि आकडा त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेत. त्याने वाचल्याशिवाय पेन उचलत नसत. मागे दहा गाड्या भोंगे वाजवत असल्या तरी नाही. मी एकदा विचारलं की हा उद्योग कशासाठी. ते म्हणाले, मी वाचला तर तो माझा आकडा होतो, त्याने वाचला तर दोघांचा. एकतीस वर्षांत त्यांच्या पाळीतल्या एकाही वजनाचा वाद वरच्या ऑफिसपर्यंत गेला नाही, हे मला त्यांनी नाही, कारखान्यातल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं.

मी हायस्कूलला गणित शिकवते. आकड्यांशी चोख असलेला माणूस मला आपोआप आवडतो. पण आप्पांची पद्धत कधीकधी मलाही जड जायची. भाजी घेऊन आले की ते दारात ताणकाट्याला पिशवी अडकवत आणि भाजीवाल्याने दिलेलं वजन आणि खरं वजन यांतला फरक मला रस्त्यापलीकडून ओरडून सांगत. वजन जास्त भरलं तर दुसऱ्या दिवशी जास्तीची वांगी परत नेऊन देत. भाजीवाल्याने एकदा हात जोडले होते.

आप्पांच्या पत्नी गेल्या, तेव्हा घर अचानक मोठं झालं. वर दोन खोल्या, खाली दोन, आणि राहणारा माणूस एक. मुलगा पुण्याला. तो आप्पांना घेऊन गेला, ते चाळीस दिवस राहिले आणि एके दिवशी एकटेच परत आले. मी जेवणाचा डबा घेऊन गेले तेव्हा ते ओट्यावर बसून घड्याळाला चावी देत होते. आम्ही आपसांत अहिराणीतच बोलायचो.

"पुन्याले मी सामान शे, ताई," ते म्हणाले. "उचलीसन आनं, कोपरामा ठी दिधं."

उचलून आणायचं आणि कोपऱ्यात ठेवून द्यायचं, तसं सामान. पुढे त्यांनी सांगितलं की तिथे सगळे चांगले आहेत, सूनबाई तर फारच. पण दिवसभरात त्यांना कोणी काही विचारत नाही. पाण्याचे टँकर किती आले ते मोजत ते गॅलरीत बसत.

मुलाने मग तोडगा काढला. वरच्या दोन खोल्या त्याने खोल्या भाड्याने देणाऱ्या एका अ‍ॅपवर चढवल्या. तोरणमाळला जाणारे, प्रकाशा तीर्थाला येणारे, सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला येणारे, दवाखान्यासाठी डोंगरातून उतरणारे, असे लोक शहाद्याला मुक्काम शोधतातच. अट एकच ठरली. हे जमलं तर आप्पा इथे राहतील. अ‍ॅपने खोल्या काढून टाकल्या, तर घराला कुलूप आणि आप्पा पुण्याला. आप्पांनी ही अट वहीत लिहिली आणि मुलाकडून मोठ्याने वाचून घेतली.

फोनवरचं सगळं मी बघायचे. आप्पा पाहुण्यांना ‘गाडी’ म्हणत आणि खोल्यांना ‘एक नंबर’, ‘दोन नंबर’. "ताई, आज कोनती गाडी शे?" असं सकाळी रस्त्यापलीकडून विचारत. येण्याची वेळ बारा, निघण्याची दहा. मधल्या दोन तासांत ते स्वतः चादरी बदलत, न्हाणी घासत, गीझर लावून बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघत. चार मिनिटं दहा सेकंद. पाच मिनिटं लागली तर प्लंबर.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, खोली रिकामी असेल तर, ते स्वतः वर झोपायला जात. एका महिन्यात एक नंबर, पुढच्या महिन्यात दोन नंबर. स्वतःची चिठ्ठी स्वतः वाचत, सही करत, सकाळी दहाच्या आत उतरत आणि शेऱ्यात लिहीत, ‘उशी कडक’. उशी त्या दिवशी बदलली जायची. मी विचारलं की तुमच्याच घरात तुम्हाला पिवळी प्रत कशाला. ते म्हणाले की काट्यावर चढलं की पावती मिळालीच पाहिजे, मालक असो की कोणी असो.

उशिरा निघणाऱ्यांसाठी त्यांनी कधी दार ठोठावलं नाही. पावणेदहाला दाराबाहेर स्टुलावर चहा ठेवायचा आणि बशीखाली निघण्याची अर्धी भरलेली चिठ्ठी. मग ते जिन्याच्या खालच्या पायरीवर पुस्तक मांडीवर घेऊन बसत. चहा घ्यायला माणूस उठतो, चिठ्ठी बघतो, आणि खाली कोणीतरी आपल्यासाठी बसलंय हे कळलं की त्याला पुन्हा झोप लागत नाही. पहिल्या वर्षी फक्त एक पाहुणा दहानंतर उतरला, तोही अकरा मिनिटांनी.

पहिल्या वर्षअखेर आमच्याकडे एकोणीस अभिप्राय होते. सोळा जणांनी पाच तारे दिले होते, तिघांनी चार. बेरीज ब्याण्णव, सरासरी ४.८४. आप्पांना तारे कळायचे नाहीत, दोन दशांश स्थळांपर्यंतची सरासरी मात्र लगेच कळली.

त्यानंतर दिवाळी झाली, आणि दिवाळीनंतरच्या आठवड्यात तोरणमाळ बघून परतणारे चौघे आले. नाशिककडचे, पस्तिशीच्या आतले. दोन खोल्या, दोन नावांनी घेतलेल्या. एक नंबरवाला गॉगल डोक्यावर सरकवून बोलायचा आणि सगळ्यांच्या वतीने तोच बोलायचा. दोन नंबरवाला गप्प असायचा.

सकाळी पावणेदहाला चहा गेला. चहा प्यायला गेला, कप रिकामे बाहेर आले आणि दार बंद झालं. साडेदहाला गॉगलवाला जिन्यात आला आणि म्हणाला, काका, अजून एक तास. आप्पा म्हणाले, बाराला दुसरी गाडी आहे, दोन्ही खोल्या लागणार नाहीत पण एक तरी मोकळी करा. तो म्हणाला, वरचे पैसे घ्या. आप्पा म्हणाले, पैशांचा प्रश्न नाही. पहिली गाडी उतरली तरच दुसरी चढते. त्याला ते कळलं नाही. "काका, टेन्शन घेऊ नका हो," असं म्हणून तो वर गेला आणि पुन्हा चहा मागितला. आप्पांनी तोही दिला.

बारा वाजता जीप थांबली. धडगावच्या वरच्या बाजूची एक मुलगी, बावीस-तेवीसची, आणि तिची आई. आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि आज तिने नीट आराम करावा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पहाटे चारला निघाल्या होत्या. आई फक्त पावरी बोलायची. मुलगी नर्सिंग करत होती आणि चांगलं मराठी बोलायची. वरून हसण्याचा आवाज येत होता. आप्पांनी स्वतःच्या खोलीतली खाट झटकली, धुतलेली चादर घातली आणि मुलीच्या आईला तिथे झोपवलं. पंखा लावला. स्वतः बाहेर पायरीवर जाऊन बसले. मला दिवाळीची सुट्टी होती, मी आप्पांकडेच होते. ते बघून मी वर जायला निघाले, तर त्यांनी माझा हात धरला. काट्यावरच्या गाडीवर दगड मारायचा नसतो, असं काहीसं म्हणाले.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी चौघे खाली आले. आप्पांनी पुस्तक उघडलं. गॉगलवाल्याने लिलावात बोली लावावी तसं "एक पंचवीस" ओरडून वाचलं आणि तसंच लिहिलं. गरम पाणी, "मिळालं". सामान, "काही नाही". सही. सगळे हसत होते. दोन नंबरवाल्याने तेच हळू आवाजात वाचलं. सही करताना त्याची मान वळली. आप्पांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि खाटेवर डोळ्यांवर पदर घेऊन एक बाई झोपलेली त्याला दिसली. दोघांनी पिवळ्या प्रती घेतल्या आणि गाडी गेली.

खोली घासून, पुसून, पाणी तापवून मुलीला मिळाली तेव्हा दोन चाळीस झाले होते. आप्पांनी तिच्याकडूनही वाचून घेतलं: आल्याची वेळ बारा, खोली दिल्याची वेळ दोन चाळीस. ती म्हणाली, जाऊ द्या ना आजोबा, बारा पाच लिहिते. आप्पांनी तिला पुन्हा घड्याळ बघायला लावलं. तिसऱ्या दिवशी, ऑपरेशन नीट होऊन त्या दोघी निघाल्या तेव्हाही, लिहायचं तर खरं लिही, तिष्ठत बसावं लागलं तेही लिही, असं तिला बजावलं.

चौथ्या दिवशी अभिप्राय आले. दोन्ही खोल्यांच्या नावावर एकेक तारा, आणि मजकूर जवळपास एकच. मालक विक्षिप्त आहे. सकाळी नऊला हाकलून दिलं. गरम पाणी नाही. खोलीत शिरण्याआधी चोरासारखी झडती घेतात.

मी ते आप्पांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचायला सांगितलं. ‘नऊला’ या शब्दापाशी थांबवलं. मग आत गेले, पांढऱ्या प्रती काढून आणल्या आणि माझ्यासमोर ठेवल्या. १.२५. १.२५. दोन वेगवेगळी अक्षरं.

त्यापेक्षा वाईट पत्र दोन दिवसांनी आलं. अ‍ॅपकडून. तुमची सरासरी ४.५०च्या खाली गेली आहे, महिनाअखेरपर्यंत ती वर आली नाही तर तुमची जागा यादीतून काढली जाईल. मी हिशेब केला. ब्याण्णव अधिक दोन, चौऱ्याण्णव, भागिले एकवीस, ४.४८. मी कंपनीला लिहिलं, चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले. उत्तर आलं की पाहुण्याचा अनुभव हा पाहुण्याचा असतो. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर, तेच शब्द. मुलाला कळलं. त्याने फोनवर आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला की आप्पा, आता पुरे झालं, तीस तारखेला सकाळी गाडी घेऊन येतो.

मला एक गोष्ट लगेच दिसली होती. पाच ताऱ्यांच्या एकाच अभिप्रायाने काम होणार होतं. नव्याण्णव भागिले बावीस, बरोबर ४.५०. माझा दीर धुळ्याला असतो. त्याने एक नंबर खोली एका रात्रीपुरती घ्यायची, यायचं, जेवायचं, झोपायचं, पाच तारे द्यायचे. मी आप्पांना सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील.

ते बराच वेळ ताणकाट्याचा हुक खालीवर करत बसले. मग म्हणाले, "काटावर पाय ठेवाना नई, ताई."

ऊस कमी भरला की काही जण गाडी काट्यावर असताना कोपऱ्यातून हळूच एक पाय टेकवत. पन्नास-साठ किलो वाढतात. आप्पांनी अशा लोकांना एकतीस वर्षं ओळखून खाली उतरवलं होतं. आणि मी, गणिताची बाई, त्यांना पाय टेकवायला सांगत होते. मला राग आला. मी म्हटलं, त्या चौघांनी दोन्ही पाय ठेवलेत, तुम्ही नुसते बघत बसा. मी उठून घरी आले. खोटं सांगत नाही, त्या रात्री मी धडगावच्या मुलीचा नंबरही काढला. लावला नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तेच माझ्याकडे आले. अभिप्रायाखाली मालकाला उत्तर लिहिता येतं, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. मी रात्रीच एक पानभर उत्तर लिहून ठेवलं होतं, त्यात ‘खोटारडे’ हा शब्द दोनदा होता. त्यांनी ते ऐकलं आणि सगळं पुसायला लावलं. मग त्यांनी सांगितलं आणि मी टाइप केलं:

‘निघाल्याची वेळ, आपल्या अक्षरात: दुपारी १.२५. गरम पाणी, आपल्या अक्षरात: मिळालं. पिवळी प्रत आपल्याजवळ आहे.’

दोन्ही अभिप्रायांखाली हेच. मी विचारलं, बस एवढंच? ते म्हणाले, पावतीवर एवढंच असतं.

पुढचा आठवडा रिकामा गेला. शाळा सुरू झाल्या होत्या, फिरणारे लोक नव्हते. दोघे आले ते फोन करून आलेले, त्यांचा अ‍ॅपशी संबंध नव्हता. आप्पा रोज सकाळी पाणी तापवून बादलीचा वेळ मोजत राहिले. माळ्यावरची ट्रंक खाली आली होती. त्यात अजून काही भरलं नव्हतं, पण ती ओट्याशेजारी उघडी ठेवलेली मला माझ्या खिडकीतून दिसायची.

तेवीस तारखेला फोन वाजला, नवा अभिप्राय. धडगावची मुलगी. मी उघडण्याआधीच आप्पांना हाक मारली. मी मोठ्याने वाचायला लागले. ‘खोली मिळायला दोन तास चाळीस मिनिटं लागली, कारण आधीचे लोक १.२५ला उतरले. तोपर्यंत मालकांनी माझ्या आईला स्वतःच्या खाटेवर झोपवलं आणि ते बाहेर पायरीवर बसले. गरम पाण्याची बादली चार मिनिटांत भरते, मी मोजली. आईला आता दिसतं. उशिराचा एक तारा कमी केला आहे.’

चार तारे.

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि फोन खाली ठेवला. अठ्ठ्याण्णव भागिले बावीस. ४.४५. सरासरी आणखी खाली आली होती. एवढं चांगलं लिहून तिने एक तारा राखून ठेवला, आणि तो राखायला आप्पांनीच शिकवलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते. मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोरनी बरोबर वजन कयं."

मला रडू यायचं बाकी होतं. त्यांना ट्रंकेची आठवण करून दिली. ते म्हणाले, ट्रंकेचं ट्रंक बघेल, आधी तो मजकूर पुन्हा वाच. मी तीन वेळा वाचला. ‘आईला आता दिसतं’ इथे ते दर वेळी मान हलवत.

सव्वीस तारखेला दुपारी आप्पांचा फोन वाजला. मी तिथेच होते, त्यांच्याकडे शेंगा सोलत होते. फोन ते नेहमी स्पीकरवर ठेवत. पलीकडून एक हळू आवाज आला. दोन नंबरवाला. आप्पा बाहेरच्यांशी शाळेतलं मराठी बोलत.

"काका, ती पिवळी प्रत सापडली. गाडीच्या कप्प्यात होती."

"मग वाचा."

"काका, मला म्हणायचं होतं की..."

"आधी वाचा. मोठ्याने."

पलीकडे कागदाचा आवाज झाला. मग तो वाचू लागला. बादल्या दोन. मग एक. उशा चार. आप्पा प्रत्येक ओळीला ‘हां’ म्हणत होते. निघाल्याची वेळ, तो म्हणाला आणि थांबला. आप्पांनी घाई केली नाही. काट्यावर त्यांनी कधी ड्रायव्हरला घाई केली नव्हती.

"एक पंचवीस," तो म्हणाला. "गरम पाणी, मिळालं."

मग त्याने सांगितलं की परतीच्या वाटेवर तो गाडी चालवत होता आणि त्याचा फोन मित्राच्या हातात होता. मित्राने दोन्हीकडे तेच लिहिलं, आणि त्याने लिहू दिलं. आमचं उत्तर त्याने वाचलं होतं, त्या मुलीचा अभिप्रायही वाचला होता. खाटेवर झोपलेल्या त्या बाई कोण हे त्याला तेव्हाच कळलं. तो म्हणाला, अभिप्राय अजून दुरुस्त करता येतोय, मी आत्ता पाच तारे करतो.

मी शेंगांची परात खाली ठेवली. एकशे दोन भागिले बावीस. मी आप्पांना हाताने खुणावत होते, हो म्हणा, हो म्हणा.

"पाच कशाला?" आप्पा म्हणाले. "जेवढं भरलं तेवढंच लिहा. खरं सांगा, काय कमी होतं?"

तो संकोचला. मग म्हणाला, दोन नंबरचा पंखा रात्रभर कटकट करतो. झोप लागली नाही, म्हणूनच सकाळी उठायला उशीर झाला.

आप्पांचा चेहरा पडला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा पडलेला मी बघितला. त्याच पंख्याखाली ते एक महिना आड झोपत होते. फोन ठेवल्यावर ते मला वर घेऊन गेले, पंखा लावला आणि विचारलं, येतो का आवाज? मी म्हटलं, येतो. ते पंख्याखाली उभे राहिले, डावा कान वर केला, मग उजवा. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, ते सगळ्यांना माहीत होतं, काट्यावरच्या भोंग्यांनी गेलेला होता. उजवाही गेला आहे हे त्यांना त्या पंख्याखाली कळलं. वर्षभराच्या त्यांच्या तपासणीत एक उणीव राहून गेली होती आणि ती दाखवली त्याच माणसाने, ज्याच्या नावावर एक तारा होता. संध्याकाळी वायरमन येऊन गेला.

रात्री जेवणं झाल्यावर दुरुस्त अभिप्राय आला. ‘आम्ही तीन तास पंचवीस मिनिटं उशिरा निघालो. हाकललं कोणी नाही. पाणी गरम होतं. पंख्याचा आवाज येतो, म्हणून तीन तारे.’

एकाचे तीन झाले होते. शंभर भागिले बावीस. मी दोनदा केला, पाटीवर करावा तसा कागदावर मांडून केला. ४.५४५. चपला न घालताच रस्ता ओलांडला. आप्पांनी कागद हातात घेतला, भागाकार स्वतः तपासला, आणि मला तो मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला. आजूबाजूच्या दोन घरांतले लोक बाहेर आले एवढ्या मोठ्याने वाचला.

त्या घराची सरासरी पुढे साडेतीन वर्षं, म्हणजे आप्पा होते तोवर, ४.५०च्या खाली गेली नाही. घोडेबाजाराच्या दिवसांत तर त्या दोन खोल्यांसाठी लोक महिनाभर आधी विचारत. माझ्या वरच्या मजल्यावर आता मी दोन खोल्या चालवते आणि माझ्याही पुस्तकात कार्बन असतो. त्या सगळ्याचा हिशेब माझ्याजवळ आहे. पण मला जी आठवते ती एक तारखेची सकाळ.

मुलगा ठरल्याप्रमाणे तीस तारखेला आला होता. मोठी गाडी, मागची सीट दुमडलेली. कागद त्याने बघितला, अ‍ॅपवर बघितलं, पुन्हा कागद बघितला. आप्पांनी त्याला दोन नंबर दिली. त्यालाही रिकाम्या हाताने वर पाठवलं, खाली बोलावलं आणि वाचून घेतलं. तो हसून म्हणाला, आप्पा, मी इथे जन्मलो. आप्पा म्हणाले, उशा किती?

सकाळी पावणेदहाला चहा वर गेला. दहा वाजले, सव्वादहा झाले. आप्पा खालच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसले होते. मी ओट्यावर होते. दहा पंचवीसला तो धावत खाली आला, केस ओले, एक मोजा हातात. म्हणाला, पंखा इतका शांत आहे की जागच आली नाही.

आप्पांनी पुस्तक पुढे केलं. त्याने घड्याळाकडे बघितलं आणि वाचलं, "दहा पंचवीस." लिहिलं. गरम पाणी, मिळालं. मग शेवटच्या ओळीपाशी त्याचं पेन थांबलं. जाताना सोबत नेलेलं सामान. त्याने ओट्याशेजारच्या उघड्या ट्रंकेकडे बघितलं, बाहेर उभ्या असलेल्या गाडीच्या दुमडलेल्या सीटकडे बघितलं, आणि खाली मान घालून बसलेल्या आपल्या बापाकडे बघितलं.

"वाच," आप्पा म्हणाले.

"काही नाही," तो म्हणाला, आणि तसंच लिहिलं, आणि सही केली.

आप्पांनी सही नीट बघितली, पिवळी प्रत रेघेवरून फाडली आणि त्याच्या हातात दिली.